धुतलेलं बी

सासऱ्यांनी कणीस सोलून दाणा नखाने दाबला. पांढरं दूध आलं. तरी ते म्हणाले,

"यंदा पाऊस झाला. अशा पावसात दगडालाही पालवी फुटते."

या मुरमाड माळासाठी सुनेने वर्षभर सगळ्यांशी वाद घातला होता. मक्याच्या बियाण्याला तिने उपयोगी बुरशीची भुकटी चोळली, तेव्हा घरादाराने थट्टा केली. ही बुरशी मुळांना धरून मातीत बारीक धागे पसरते, मुळं पोचत नाहीत तिथलं पोषण आणून देते, बदल्यात थोडी साखर घेते, हे सांगून सांगून तिचं तोंड दुखलं होतं. आज पीक डोक्याच्या वर गेलं, तर श्रेय पाऊस घेऊन चालला होता. संध्याकाळी सासरे खाणवाल्याला माळ द्यायचा शब्द देणार होते. एकदा सुरुंग लागले की माळ कायमचा गेला.

"आणि ते बांधाकडचं?" सासऱ्यांनी काठी दाखवली. तिथल्या काही ओळी गुडघ्याएवढ्या, जांभळट पडल्या होत्या. "तुझी बुरशी तिथे झोपली होती का?"

तिने तिथे जाऊन माती चिमटीत चोळून पाहिली. बी तेच, माती तीच, पाऊसही तोच.

डबा घेऊन आलेल्या सासूबाईंनी हे ऐकलं. लोणच्यावर बुरशीचा एक ठिपका दिसला तरी अख्खी बरणी उकिरड्यावर ओतणारी बाई.

"ते मी पेरलंय," त्या ठसक्यात म्हणाल्या. "बुरशी माखलेलं बी मातीत घालतात का कुणी? माझ्या वाट्याचं मी चांगलं तीन पाण्यांनी धुऊन घेतलं."

सून आधी त्यांच्याकडे, मग त्या ओळींकडे बघत राहिली. मग तिला हसू फुटलं, ते आवरेना.

"आई, जिंकवलंत तुम्ही मला."

"मी काय केलं बाई?"

सासऱ्यांनी एक खुरटं ताट उपटलं, मग एक उंच. खुरट्याची माती एका झटक्यात गळून पडली. उंच ताटाच्या मुळांना ती बिलगून राहिली, झटकली तरी सुटेना. ते तसेच मुळं हातात धरून उभे राहिले.

खिशातला फोन वाजला. खाणवाल्याचाच होता. त्यांनी तो वाजू दिला.

"अगं," ते सासूबाईंना म्हणाले, "पुढच्या पेरणीला बी धुवायचं नाही."

"बरं. हात तरी धुवा," डबा उघडत त्या म्हणाल्या. "जेवायचंय ना?"