स्टोरेज कुणाच्या नावावर?

सकाळी ऑफिसात पाऊल टाकलं नाही तोच सर्व्हरवाल्या बाईंवर माणसं धावून आली. नकाशे उघडत नव्हते. घरांचे, शाळांचे, गोदामांचे, या ऑफिसने काढलेले झाडून सगळे नकाशे स्टोरेजवर असायचे. स्टोरेज म्हणजे मागच्या थंडगार खोलीतली गुरगुरणारी पेटी. शेजारी सर्व्हर. त्याने स्टोरेजकडून फाइल मागून आणायची आणि लोकांच्या टेबलावर पोचवायची, एवढाच दोघांचा संसार. आज त्यांचं फाटलं होतं. निम्म्या लोकांच्या पडद्यावर 'स्टोरेजशी संपर्क होत नाही' अशी पाटी, आणि उरलेल्या निम्म्यांचं मात्र मजेत चाललेलं.

आणि हे मेलं आजच व्हायचं होतं! दुपारी साहेबांनी बाईंना आढाव्याला बोलावलं होतं. आढावा हा साहेबांचा लाडका शब्द. मागच्या आठवड्यात असाच आढावा घेऊन त्यांनी सर्व्हर बघणाऱ्या दोघांपैकी एकाला, तात्यांना, घरी बसवलं होतं. "सगळं तर आपोआप चालतं, मग ही दोन-दोन माणसं करतात काय?" आज दुसऱ्या माणसाची पाळी होती. नवऱ्याची कंपनी बंद पडल्यापासून बाईंचं घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चाललं होतं. नवरा तरी कसला आशावादी प्राणी! सकाळी डबा हातात देताना म्हणतो, "कुणी सांगावं, बढतीच देतील." बाईंनी डबा पिशवीत कोंबला आणि घर सोडलं.

खोलीत शिरून बाईंनी आधी केबल तपासल्या. सगळ्या घट्ट. स्टोरेजला हाक मारून पाहिली, तर ते लगेच ओ देत होतं. म्हणजे वाट मोकळी होती, घरात माणूस होतं, फक्त दार उघडत नव्हतं. पुढे काय बघायचं ते बाईंना ठाऊक होतं, पण तेवढ्यात साहेब आले.

"रीस्टार्ट केलं का?"

"साहेब, नको. निम्म्यांचं चाललंय ते काल दिवसा उघडलेल्या जुन्या जोडणीवर चाललंय. बंद केलं तर तीही तुटेल. आधी कारण..."

"बाई, माझ्या घरचा टीव्हीसुद्धा रीस्टार्टने चालू होतो."

आता घ्या! टीव्हीचं उदाहरण दिल्यावर माणसाने बोलायचं तरी काय? बाईंनी रीस्टार्ट केलं. सर्व्हर डोळे चोळत उठला आणि ज्यांचं चाललं होतं त्यांचंही बंद पडलं. बाहेर एकच गलका झाला. "बघा," साहेब म्हणाले, "तुम्ही हात लावलात आणि होतं तेही गेलं." आणि निघून गेले.

बाईंना असा संताप आला की खुर्चीला लाथ घालावी. घातलीही, हळूच. मग त्यांनी स्टोरेजच्या नोंदी उघडल्या. कोण येऊन गेलं, कुणाला आत घेतलं, कुणाला हाकललं, सगळं तिथे असतं. काल संध्याकाळपासून एकाच माणसाला स्टोरेज हाकलत होतं. तात्यांना!

बाईंनी कपाळाला हात लावला. सर्व्हर इतकी वर्षं स्टोरेजच्या दारात उभा राहून 'मी तात्या' असं सांगत होता, आणि तात्या म्हटल्यावर स्टोरेज त्याला आत घेत होतं. अख्खं ऑफिस एका माणसाच्या लॉगिनवर चाललं होतं आणि तो माणूस घरी बसला होता. त्याचं लॉगिन बंद कुणी केलं, हे शोधायला लांब जावं लागलं नाही. हजेरीवाल्या मॅडम स्वतःच कौतुकाने सांगत आल्या, "गेलेल्या माणसाचं लॉगिन मी यंदा पहिल्यांदाच वेळेवर, आठवड्याच्या आत, काल संध्याकाळी बंद केलं हं!"

बाईंनी तात्यांना फोन लावला.

"माझ्या नावावर होतं होय?" तात्या पलीकडे काहीतरी कुरकुरीत खात होते. "असेल बाई. बसवलं तेव्हा घाई होती. म्हटलं, तात्पुरतं माझं नाव टाकू, मग बघू."

"तात्या, त्याला युगं लोटली!"

"मग? चाललं की नाही? आणि ऐक, मूर्खपणा करू नकोस. आता तुझं नाव टाक. मग बघतो तुला कोण काढतं ते."

फोन ठेवल्यावर बाई पडद्याकडे बघत बसल्या. करायला हवं ते सोपं होतं. सर्व्हरसाठी कुणाच्याच नावाचं नसलेलं वेगळं खातं काढायचं, म्हणजे माणसं येवोत-जावोत, काम अडणार नाही. पण ते केलं की दुपारी साहेब म्हणणार, वा, आता तर तुमचीही गरज नाही! आणि स्वतःचं नाव टाकलं तर? कुणाला कळणार होतं? बाईंनी नावाची पहिली दोन अक्षरं टाइप केली. चोरी केल्यासारखं वाटलं आणि त्याच वेळी घर डोळ्यांसमोर आलं.

"सापडलं का?" साहेब दारात उभे. मागे मॅडम.

बाईंनी घाईघाईने अक्षरं पुसली आणि काय झालं ते सांगून टाकलं. तात्यांचं नाव ऐकताच साहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "त्या माणसाच्या नावावर माझं ऑफिस?"

"म्हणून म्हणते, कुणाच्याच नावाचं नको. वेगळं खातं काढते, अर्ध्या तासात होईल." बाईंनी श्वास सोडला. गेली नोकरी, त्यांना वाटलं.

"कुणाच्याच नावाचं नाही? निनावी?" साहेबांनी भुवया चढवल्या. "उद्या कुणी विचारलं, हे ऑफिस कुणाच्या नावावर चालतं, तर काय सांगू? सगळ्यात वरचं नाव टाका. माझं."

"साहेब, तुमचंच परिपत्रक आहे, दर महिन्याला पासवर्ड बदलायचा. तुमचा बदलला की हे सगळं पुन्हा बंद पडेल. दर महिन्याला."

"मग पडू दे. तुम्ही लगेच चालू करायचं. तुम्ही कशाला आहात?"

बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "आहे ना मी? म्हणजे पुढच्या महिन्यातही?"

"म्हणजे काय! मी काय दर महिन्याला इथे येऊन बसू?"

"सर, मग दुपारचा आढावा?" मॅडमनी विचारलं.

"कसला आढावा? माझ्या नावाचं काम ऐऱ्यागैऱ्याच्या हाती देऊ? सगळ्यांना मेल टाका, आजपासून स्टोरेज माझ्या नावावर, आणि बाई त्याच्या कायमच्या जबाबदार."

साहेबांनी स्वतः वाकून एका बोटाने पासवर्ड टाइप केला. बाईंनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. एंटर दाबताच सर्व्हर 'मी साहेब' म्हणाला आणि दार उघडलं. बाहेर नकाशे उघडले, कुणीतरी टाळी वाजवली, कुणीतरी ओरडलं, "साहेबांनी केलं!" साहेब तरातरा बाहेर गेले, अभिनंदन घ्यायला.

बाई खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं सगळं नीट चालवलं म्हणून जी नोकरी जायला निघाली होती, ती आज एक गोष्ट धडधडीत चुकीची केल्यावर पक्की झाली. हसावं की रडावं त्यांना कळेना. मग त्यांनी नवऱ्याला फोन लावून सांगितलं की नोकरी राहिली, आणि "का गं, खूश झाले का कामावर?" असं त्याने विचारलं तेव्हा त्या "हो" म्हणाल्या.