वन्संच्या डोळ्यातला दाब

दोघींचं मिळून शिवणकामाचं दुकान होतं. कापायचं काम नणंदेचं, मशीन भावजयीकडे. नणंद वयाने मोठी, एकटी, शब्दाला पक्की आणि तोंडाने फटकळ. भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, त्यामुळे घरात काय नि दुकानात काय, या दोघीच एकमेकींच्या वाट्याला. भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही मापातलंच.

कापडावरची खडूची रेघ दिसेनाशी झाली, तेव्हा कुठे नणंद मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तयार झाली. ते सकाळी झालं आणि दुपारी डोळ्यावर प्लास्टिकचं कवच लावून तिला घरी सोडलं. निघताना नर्सने बजावलं, की थोडं खुपेल, पाणी येईल, त्याचं काही नाही. पण डोकं ठणकायला लागलं किंवा उलटी झाली तर उद्याच्या तपासणीची वाट बघू नका, लगेच फोन करा. मान नणंदेने डोलावली. ऐकलं भावजयीने.

संध्याकाळी चहा नेला तर नणंद भिंतीकडे तोंड करून पडलेली. चहा नको म्हणाली. तिने चहाला नाही म्हटल्याचं भावजयीला आठवतच नव्हतं. मग नणंद बाथरूममध्ये गेली आणि नळ भरभरून सोडला. तरी त्या आवाजाआडून उलटीचा आवाज ऐकू आलाच.

बाहेर येऊन तिने सांगितलं की पित्त झालंय, बाऊ करायची गरज नाही.

"मग भुवई का दाबून धरलीय, वन्सं?"

नणंदेने हात खाली घेतला. भावजयीने हॉस्पिटलला फोन लावला. पलीकडून सांगितलं, आत्ताच घेऊन या.

नणंद काही केल्या उठेना. सकाळी बोलावलंच आहे, मग आज कशाला धावाधाव, डॉक्टर हसतील, असं तिचं चाललं होतं. एरवी भावजय दोन वाक्यांत माघार घ्यायची. आज तिने चपला आणून पलंगाशी ठेवल्या.

"हसू देत. चालत येताय, की शेजाऱ्यांना बोलावून उचलून नेऊ?"

डॉक्टरीण घरी निघायच्या बेतात होती. पर्स बाजूला ठेवून तिने डोळा बधिर करायचं औषध घातलं, मग पिवळं औषध, आणि नणंदेची हनुवटी यंत्रावर टेकवली. निळा दिवा हळूहळू जवळ आला. भावजय मागे उभी राहून डॉक्टरणीच्या चेहऱ्याकडे बघत होती.

दाब बेचाळीस निघाला. असायला हवा वीसच्या आत. डॉक्टरणीने समजावलं, की ऑपरेशनच्या वेळी वापरलेलं जेल थोडं आत राहिलंय, त्यामुळे डोळ्यातल्या पाण्याला बाहेर पडायची वाट सापडत नाही. हे असंच राहिलं तर मागची नस दबते आणि गेलेली नजर परत येत नाही. नणंदेने न बघताच मागे हात केला. भावजयीने तो धरला.

"ऑपरेशनचा छोटा छेद आहे, तिथूनच थोडं पाणी सोडते. दुखणार नाही, फक्त हलू नका."

पापणी लवायच्या आत झालं. नणंदेने एवढा मोठा श्वास सोडला, की जणू आवळून शिवलेल्या चोळीची शिवण कुणी उसवली. "गेलं," ती म्हणाली. "डोकंच हलकं झालं गं."

दाब अठरावर आला होता, पण तो पुन्हा चढू शकतो म्हणून तासभर थांबायला सांगितलं. दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या. नणंद म्हणाली, "मला वाटलं, डोळा गेलाच. बोलले तर खरंच होईल, म्हणून गप्प बसले."

"तुम्ही गप्प बसलात म्हणूनच मला भीती वाटली," भावजय म्हणाली, आणि दोघींनाही हसू फुटलं. समोरच्या बाकावरचे आजोबा वळून बघायला लागले.

पुन्हा मोजला तर चोवीस. भावजय आकडा बघायला पुढे वाकली. डॉक्टरीण मात्र शांत होती; एवढा चढ धरलेलाच असतो म्हणाली. तिने गोळी दिली, नवे ड्रॉप घातले आणि पुन्हा बाकावर बसवलं. तिसऱ्यांदा मोजल्यावर एकोणीस आला, तेव्हा तिने स्वतःच पर्स खांद्याला लावली. सगळ्यांनाच सुट्टी झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाब सोळा होता. सोळा म्हणजे चांगलाच ना, हे नणंदेने डॉक्टरणीला दोनदा विचारलं आणि बाहेर येऊन नर्सलाही. पुढच्या आठवड्यात परत दाखवायचं होतं. घरी आल्यावर तिला सपाटून भूक लागली.

जेवण होतंय तोवर भावाचा फोन आला. नणंदेने त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं. बेचाळीस हा आकडा तर असा सांगितला, जसा काही परीक्षेतच मिळवलाय. भाऊ घाबरून पुढचं विचारायला लागला, तशी ती म्हणाली, "आता सगळं ठीक आहे रे. ठेव फोन, तुझी बायको ड्रॉप घेऊन उभी आहे."

मग तिने मान मागे टाकली आणि मुकाट्याने डोळा उघडला.