रेघ नसलेली प्रत

कॉलेजच्या फाटकासमोर एक चिंचोळे दुकान आहे. आत शिरताच डाव्या हाताला जे करड्या रंगाचे धूड दिसते, ते मी. मी एक जुने झेरॉक्सचे यंत्र आहे.

मित्रांनो, माझा जन्म कारखान्यात झाला, पण त्यात सांगण्यासारखे काही नाही. एक स्क्रू जरा जास्त पिळला गेला, एवढेच आठवते. खरे आयुष्य सुरू झाले ते या दुकानात. दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळे काकू म्हणतात. मी नवा कोरा होतो तेव्हा त्या रोज सकाळी माझी काच मऊ फडक्याने पुसत. या काचेवर येणारा प्रत्येक कागद पालथा येतो, त्यामुळे तो कोणी वाचत नाही असे माणसांना वाटते. मी वाचतो. उजेडाची एक फेरी झाली, की वरपासून खालपर्यंत सगळे मला पाठ.

गुणपत्रिका आल्या, भाडेकरार आले, पण सगळ्यांत जास्त आले ते शिष्यवृत्तीचे अर्ज. काकूंची एक पद्धत होती. शिष्यवृत्तीची जाहिरात कोणीही घेऊन आले, की त्या एक प्रत जास्त काढत आणि दुकानातल्या दोरीवर चिमट्याने अडकवत. तरुणपणी त्यांनाही अशी एक जाहिरात सापडली होती, पण रद्दीत, मुदत उलटून गेल्यावर. त्यांचे कॉलेज राहिले ते राहिलेच. म्हणून अर्ज घेऊन आलेल्या पोरांना त्या सहजासहजी सोडत नसत.

वयोमानाप्रमाणे मला एक दुखणे जडले. माझ्या प्रत्येक प्रतीवर उजवीकडे एक करडी रेघ उमटू लागली. गिऱ्हाइकांनी आधी कुरकुर केली, मग त्यांना सवय झाली. रेघ असेल ती प्रत, नसेल तो मूळ कागद, हे सगळ्यांच्या अंगवळणी पडले.

एकदा एक चष्मेवाली मुलगी आली. तिची आई घरी बसून शिंप्याची काज-बटणे करायची. शाळा संपली होती, गुण भरपूर होते, फीची मात्र सोय नव्हती. शिंप्याने लेकीलाही कामाचा गठ्ठा देऊ केला होता. शिष्यवृत्ती मिळाली नाही, तर दोन महिन्यांनी ती आईशेजारी सुई घेऊन बसणार होती.

"हे फॉर्म सगळेच भरतात," काकू म्हणाल्या, "ती टोकाची बघ. तिला कुत्रं विचारत नाही."

दोरीच्या टोकाची ती जाहिरात एका लहानशा संस्थेची होती. तीन वर्षांची फी देणार होते. अट एकच होती. पालक काय काम करतात यावर एक पान स्वतःच्या हाताने लिहायचे, आणि त्याची प्रत चालणार नाही. लिहायचे म्हटले, की पोरे पळत.

दुसऱ्या दिवशी मुलीने पान आणले. काकूंनी ते वाचले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"मायेचा सागर झाला, त्यागाची मूर्ती झाली. आई कुठाय यात?"

"म्हणजे?"

"ती काम करते ना? मग ते लिही."

"काजांचं काय लिहायचं, काकू? हसतील लोक."

"हसू देत. लिहून तर आण."

शेवटच्या दिवशी ती नवे पान घेऊन आली. मी वाचले. आई खिडकीकडे सरकून बसते, कारण काळ्या कापडावर काळा दोरा दिसत नाही. दोरा आधी मेणावरून ओढते. काज झाले, की त्यातून बटण घालून दोनदा ओढून पाहते, आणि मनासारखे नसेल तर कोणी न सांगता उसवते. सागर मी हजारो पाहिले होते, असे काज पहिल्यांदाच पाहिले.

आता माझा गुन्हा सांगतो. त्याच सकाळी म्हातारा मेकॅनिक येऊन माझे पोट साफ करून गेला होता. रेघ गायब! मी भलताच तोऱ्यात होतो. मुलीला त्या पानाची एक प्रत घरी ठेवायला हवी होती. ती मी इतकी स्वच्छ काढली, की काळ्या शाईचे अक्षर न् अक्षर हुबेहूब उतरले. साडेचार वाजले होते, पाच वाजता संस्थेची खिडकी बंद होणार होती, मागे रांग होती. मुलीने प्रत पाहिली. रेघ नाही, म्हणजे मूळ कागद. तिने ती पाकिटात घातली आणि धावली. मूळ पान माझ्या झाकणाखालीच राहिले. मला ते कळत होते, पण ओरडता येत नव्हते. इतके लाचार मला कधीच वाटले नव्हते.

पुढचे गिऱ्हाईक वकिलांचा कारकून होता. काकूंनी त्याचा कागद ठेवायला झाकण उचलले आणि मुलीचे मूळ पान त्यांच्या हाती आले.

"दुकान बघा, आलेच!" म्हणून त्या चपला न घालताच पळाल्या. कारकुनाने तेवढ्यात चार पेने निम्म्या किमतीत विकली.

पुढचे काकूंच्या तोंडून ऐकलेले. त्या पोचल्या तेव्हा खिडकीवरच्या माणसाने बोट ओले करून अक्षरांवरून फिरवले होते. शाई हलली नव्हती. "ही प्रत आहे, चालणार नाही," असे म्हणून तो पाकीट परत देत होता, आणि मुलगी रडत होती.

"अगं, ते माझ्या मशीनचं आहे! तुझं हे घे!" काकू धापा टाकत ओरडल्या.

त्या माणसाने पुन्हा बोट ओले केले. या वेळी एक शब्द फराटला, आणि त्याने शिक्का मारला. तेव्हा पाच वाजायला दहा मिनिटे होती असे काकू पहिल्यांदा म्हणाल्या. महिनाभर सांगता सांगता ती एकाच मिनिटावर आली.

सात आठवड्यांनी मुलगी आईला घेऊन आली. शिष्यवृत्ती मिळाल्याच्या पत्राच्या प्रती काढायच्या होत्या. काकूंनी दोघींना मिठीच मारली. मुलगी फाइल उघडून पत्र काढत असताना आईला आत ती बिनरेघेची प्रत दिसली. तिने ती उचलली आणि हळूहळू, ओठ हलवत वाचली.

"हे सगळं तू बघत होतीस?"

"मग!"

"आणि मला वाटायचं, तू अभ्यास करतेयस."

काकू खो खो हसल्या. आईने हाताच्या पाठीने डोळे पुसले आणि पान पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.

आता दुकानात नवे यंत्र आले आहे. माझ्या झाकणावर वह्यांचे गठ्ठे असतात आणि काच कोणी पुसत नाही. मला वाईट वाटते, पण त्यासाठी गळा काढणार नाही. मित्रांनो, तुमच्याकडे मागणे एवढेच. आपला मूळ कागद आठवणीने उचला. आणि अर्जात घरच्या माणसाविषयी काही लिहिलेत, तर पाकीट बंद करण्याआधी ते त्या माणसाला वाचायला द्या. त्या आईवरचे पान मी वाचले, काकूंनी वाचले, खिडकीवरच्या माणसाने वाचले, संस्थेतल्या अनोळखी लोकांनी वाचले. तिचा नंबर लागला तो सगळ्यांत शेवटी, आणि तोही दुकानात, उभ्या उभ्या.