नखांच्या खुणा

तनुजाच्या डाव्या मनगटावर नखांचे चार अर्धगोल उमटले होते. करंगळीचा सगळ्यात खोल. सव्वानऊला बाळंत झालेल्या बाईनं कळा देताना हात घट्ट धरला होता. अशा खुणा तासाभरात पुसट होतात, हे तिला नऊ वर्षांत पाठ झालं होतं. एरवी तिचा हात कुणी धरत नसे.

कसबा पेठेतल्या या प्रसूतिगृहात ती नर्स होती आणि दोन गल्ल्या सोडून एका खोलीत एकटीच राहायची. गावी, लोणी काळभोरला, भाऊ रविराजनं कॉलेजच्या दवाखान्यात तिच्यासाठी जागा बघून ठेवली होती. दिवसाची ड्यूटी, घरची भाकरी. इकडे इन्चार्ज कांताबाईंनी मिडवाइफच्या दीड वर्षाच्या कोर्सचा फॉर्म पुढे केला होता. दोघांनाही ती महिनोन् महिने "बघू" म्हणत आली होती.

"आपलं बघून झालं की कळवा," कांताबाई आज म्हणाल्या. "फॉर्म आज संध्याकाळी पाचला जाणार. की मुहूर्त काढायचाय?"

दुपारी चैताली टाके दाखवायला आली. कुशीत पंधरा दिवसांची लेक. तिच्या बाळंतपणात तनुजा सहा तास हलली नव्हती. कंबर चोळत, एकेक श्वास मोजून देत उभी होती. आज तनुजाच्या तोंडावर मास्क नव्हता.

"अहो सिस्टर, माझ्या वेळी होत्या त्या कुठे आहेत? त्यांच्यासाठी बर्फी आणलीय."

"कशा दिसायला?"

चैताली ओशाळली. "चेहरा कुठे पाहिला हो! मास्क होता, आणि मी तरी कुठे भानावर होते? पण केवढ्यानं दरडावायच्या! 'आत्ता नाही, मी सांगेन तेव्हा!' त्या होत्या म्हणून निभावलं."

'मीच ती' हे शब्द तनुजाच्या ओठांपर्यंत आले. पण बिचारी आणखीच ओशाळली असती.

"देते मी त्यांना," ती नेहमीच्या हळू आवाजात म्हणाली.

कपडे बदलायच्या खोलीत जाऊन तिनं डबा उघडला आणि उभ्या उभ्या एक वडी खाल्ली. मनगट पाहिलं. केव्हाच कोरं झालं होतं.

फोन वाजला. आई, बायडाबाई.

"तने, रविराज इचारतोय. कॉलेजवाले किती दिस थांबत्याल? हितं घर हाय, मान्सं हायेत. तिथं कोन हाय तुझं?"

तनुजानं खरंच आठवून पाहिलं. तेवढ्यात बाहेरून कांताबाईंची हाक आली: "तनुजा, नवी पेशंट आलीय, कळा जोरात आहेत!"

फोन कानाशी धरूनच तिनं मास्क वर ओढला. आईशी ती गावचंच बोलायची.

"कुनी न्हाई, आई. पर मी येनार न्हाई. रविराजला सांग, मी मिडवाइफचा कोर्स करनार हाय."