भगुल्यातली मऊ राख

दिवस उजाडला की अंजूच्या वाट्याला आधी ते भगुलं यायचं. सासऱ्याच्या खाटेखालचं, जर्मनचं, पोचे पडलेलं. पदर नाकाला लावून, मान वळवून ती ते ओढायची. आत रातभर खोकून थुंकलेले, राखेत घोळलेले बेडके. शिळ्या साबुदाण्यागत चिकट, हिरवट, कडेला पिवळे. उकिरड्यावर पालथं घालताना एखादा बुडाला धरून बसला, की सकाळचा चहा तिच्या गळ्याशी यायचा.

"ओकाऱ्या काढती, जनू दिवसच गेलेत," सासू मुक्ताबाई आतून म्हणायची.

"तुमी उचला मग, आत्याबाई."

"माझे गुडघे उचल आधी."

सासऱ्यांनी, राधाकिशनमामांनी, परळीजवळच्या एका वीटभट्टीवर राख उपसण्यात उमर घातली होती. काम सोडून दोन वर्षं झाली. बिडी सुटली, तोंडाने ओढायचा पंप चालू झाला, तरी दम रोज आखूड. सून त्यांना लई जीव लावायची. मामा गेले तर ह्या घरात आपल्याला 'पोरी' म्हणणारं कुणी उरणार न्हाई, हे तिला ठाऊक होतं. मुक्ताबाई ज्वारी पाखडता पाखडता गुणगुणायची,

सुपात पाखडते, जवारी न्हवं गं, माझी नीट
धन्याच्या छातीला, कुणाची गं लागली दीठ

डॉक्टरीण अस्मा, फळवाल्या जाकीरभाईंची लेक, म्हणाली, "बेडका बघायचाय, घेऊन या." अंजूने अख्खं भगुलंच फडक्यात बांधलं. रिक्षात शेजारच्या माणसानं विचारलं, "ताई, परसाद हाय का?" तिने गाठ आणखी आवळली.

अस्माने फडकं सोडलं, वाकून बघितलं. राखेचा फुफाटा थेट तिच्या तोंडावर आला. ती ठसकली.

"चुलीची न्हाई ही राख."

"चूल कुठाय आता? आमचे हे वीजकेंद्राच्या राखेचा हायवा ट्रक चालवतात, त्यातून गोणी आणते मी. पावडरीवानी मऊ हाय. मूठभर टाकली की घाण पार झाकती, बघावं लागत न्हाई."

"मामा थुंकतात तवा तोंड कुठं असतं?"

अंजूला दिसलं: दोन्ही हातांनी काठ धरलेले, तोंड भगुल्यात, खोकल्यासरशी उडालेली राख, आणि मागोमाग मामांनी आत ओढलेला तो लांब, शीळ घातल्यागत श्वास.

"छातीत जागले असतात, पिकाच्या राखणदारागत," अस्मा म्हणाली. "बारीक पेशी. बाहेरचं काही आलं की गिळतात. जंतू पचतो, राख पचत न्हाई. मग त्या फुटतात, त्यांच्या पोटातलं जहर तिथंच सांडतं. त्यांच्या हाकेला दुसऱ्या धावतात, त्याबी फुटतात. हा पू त्यांच्याच मढ्यांचा. जागल्या पाखरावर गोफण फिरवतो ना? पाखरू उडून जातं, दगडानं कणसं झडतात. तसं. सूज हटत न्हाई, छाती आतून झडत जाती."

"मग मामा..."

"झडलेलं परत येत न्हाई. राख थांबवा, उरलेलं टिकंल."

घरी येऊन अंजूने गोणीत पाणी ओतलं, चिखल झाल्यावर परसात खड्डा करून पुरला. भगुलं घासलं. त्यात तांब्याभर पाणी घातलं.

"राख कुठाय गं?" मामांनी विचारलं.

"संपली."

"उघडं दिसंल पोरी. मलाच लाज वाटती."

"दिसू द्या, मामा."

सकाळी पाण्यावर ते तरंगत होतं. तारा सुटलेलं, मधे काळा ठिपका, कडेने फेस. झाकायला काही नव्हतं. अंजूने पदर नाकाला लावला न्हाई. भगुलं उचललं, मोरीपर्यंत नेलं, आणि तिथंच भडाभडा ओकली. तोंड धुतलं. मग बोटांनीच बुडाचं चिकट खरवडायला घेतलं. किळस तसूभर कमी झाली नव्हती.

खाटेवरून खोकला आला.

"थांबा मामा," ती ओरडली, "भगुलं घेऊनच आले."