चोच सरकलेले मोर

बिबडीवर चौदा गोष्टी होत्या. नऊ पांढरे तंतू, तीन निळे, एक गुलाबी आणि एक केस. केस तंतूंत धरायचा नाही असं मयुरीने ठरवलं. म्हणजे तेरा. बिबडी वीतभर रुंद, ज्वारीच्या पापडासारखी, तीळ-लसूण घातलेली. शेजारच्या सरलाकाकींनी यंदाच्या पहिल्या पातेल्यातली म्हणून ताटलीत झाकून पाठवलेली.

मयुरी रसायनशास्त्राची पदवीधर. उधन्यातल्या एका मिलच्या लॅबमध्ये ती रंग जुळवायची, त्यामुळे कापडातले धागे मोजायचं भिंग पर्समध्ये असायचंच. तिने तेरा तंतू चिमट्याने उचलले आणि एकेक करून काडीच्या ज्योतीजवळ नेले. सुताची राख होते. हे सगळे आक्रसले आणि टोकाला कडक मणी झाले. पॉलिएस्टर. समोरच्या गच्चीवर काकींच्या बिबड्या एका पॉलिएस्टर साडीवर वाळत होत्या. उत्तर समोरच होतं.

फेसबुकवर तिचं ‘मोजून मत’ नावाचं पान होतं. तिथे ती स्वतःचं नाव न लावता लिहायची. फेसबुकवर जो तो मत देतो, मोजून कोणीच बघत नाही, अशी तिची जुनी तक्रार. त्या दिवशी तिने लिहिलं, “घरगुती म्हणजे स्वच्छ, हे मला पटत नाही.” खाली तेरा तंतूंचा हिशेब, जळालेल्या मण्यांचा फोटो, आणि आपल्या गच्चीवरच्या टाकीवर चढून काढलेला एक फोटो: साडीवर मांडलेल्या बिबड्या. चेहरा नाही, नाव नाही, गल्ली नाही. याची तिने दोनदा खात्री केली.

दुसऱ्या दिवशी जेवताना आई, जयश्रीबाई, फोन हातात घेऊन खो खो हसत होती.

“बघ गं, आपल्या बायकांच्या ग्रुपवर काय आलंय. कोण्या शहाण्यानं बिबड्यांवर लिहिलंय. आणि फोटोतली साडी ओळखलीस का? चोच सरकलेले मोर!”

मयुरीचा घास हातातच राहिला. “कसले मोर?”

“अगं, गेल्या दिवाळीत सरलाचा मुलगा धर्मेंद्र कामाला आहे त्या मिलमध्ये छापताना एक रंग सरकला ना! मोर एकीकडे, चोच बोटभर दूर. तो माल विकणार कोण? कामगारांना वाटून टाकला. आपल्या गोडादऱ्यात ती साडी एका सरलाच्याच घरी. मी लगेच लिहिलं ग्रुपवर, ही तर आपली सरला!”

“तू लिहिलंस?”

“मग? अख्खी गल्ली कापडाच्या कामावर. मी नसतं लिहिलं तर रुक्मिणीनं लिहिलं असतं.”

मयुरीने फोटो मोठा करून पाहिला. रोज शेकडो कापडं डोळ्यांखालून जायची, पण ती बघायची फक्त रंग. नक्षी तिने कधी बघितलीच नव्हती. आता बिबड्यांच्या मधून चोची दिसत होत्या, मोरांपासून तुटलेल्या, हवेत लटकणाऱ्या.

त्या पोस्टखाली शेकडो मतं साचली होती. “असल्या बायकांना दंड करा.” “खानदेशी लोक असेच.” “उलटी आली.” एकानेही भिंग लावलं नव्हतं. मयुरीने पोस्ट काढून टाकली. तोवर ती डिंडोली, नवागाम, उधना करत नंदुरबारपर्यंत पोचली होती. तिकडच्या मावशीने तीच पोस्ट तिला पाठवली आणि खाली लिहिलं, “सांभाळून खा गं.”

रविवारी काकींची पाळी होती. बिबड्यांचं काम एकटीचं नसतं. ज्वारीचा घाटा शिजला की तो गरम असतानाच चार-पाच जणींनी ओल्या हातांनी भराभर कापडावर पसरायचा. थंडावला की घट्ट होतो आणि मग बिबडी फाटते. म्हणून आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे, अशी गल्लीची पाळी. अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आत सगळ्यांचे डबे भरायचे असतात. मयुरी उन्हं चढायच्या आत गच्चीवर गेली. समोर काकी पातेल्यापाशी एकट्या बसल्या होत्या. मोरांची साडी गायब. जमिनीवर जुन्या चादरी अंथरलेल्या. जिन्याच्या दाराशी धर्मेंद्र उभा, खाली गल्लीकडे बघत. कोणीच येत नव्हतं.

मयुरी जिने उतरून पलीकडच्या घरात चढली.

“आवो मॅडम,” धर्मेंद्र म्हणाला. “भिंग आणलंय ना?”

तिचा चेहरा उतरला.

“असा फोटो तुमच्या टाकीवर चढल्याशिवाय येत नाही. एवढं कळायला बीएस्सी लागत नाय, बेन.”

“काकी, मी तुमचं नाव लिहिलं नव्हतं,” मयुरी म्हणाली.

सरलाकाकींनी वर पाहिलं नाही. “मनं नाव नही लिखं, तरी मनंच नाव व्हयनं.”

मयुरी खाली बसली, हात ओले केले आणि घाटा घेतला. चटका मनगटापर्यंत गेला. तिची पहिली बिबडी मधे जाड, कडेला भोकं पडलेली. काकींनी ती बोटांनी सारखी केली. दोघींनी अर्धं पातेलं कसंबसं पसरलं. उरलेलं घट्ट होऊन बसलं. पळी उभी राहिली.

“पोस्ट काढली मी,” मयुरी म्हणाली. “माफीचं लिहिते.”

“आते पुसीसन काय फायदा? लोकस्ना फोनमाईन पुसशी का?” काकींनी हात चादरीला पुसले. “तुले मोजता येस ना? मंग सगळास्न्या मोज. रुक्मिणीन्या, ताराबाईन्या. आन तुनी मायन्या बी.”

“आणि लिहू?”

“मनं जठे लिखं, तठेच लिख. नाव घालीसन.”

मयुरी हो म्हणाली. परत येताना जिन्यात तिला आपली पहिली मोजणी आठवली. पहिल्या वेळी तिने एकच बिबडी तपासली होती, तुलनेला दुसरी घेतलीच नव्हती. लॅबमध्ये असा अहवाल तिनेच फेकून दिला असता. पलीकडच्या गल्लीत तळमजल्यावरचे पॉलिएस्टरचे माग खडखडत होते. त्यांच्यावरून उडून खिडकीच्या जाळीवर बसणारी पांढरी लव ती रोज पुसायची. त्या दिवशी ती तिला आठवली नव्हती. आठवली असती तर पोस्ट एवढी चालली असती का, हाही प्रश्न मनात आला. तो तिने तिथेच सोडून दिला नाही. लाइक मोजायला तिने त्या रात्री किती वेळा फोन उघडला होता, ते तिला माहीत होतं.

आईला सांगितलं तेव्हा आई आधी हसली, मग भडकली.

“म्हणजे तो शहाणा तू? आणि माझ्या हातून तिचं नाव लिहवून घेतलंस?”

“मी कुठे—”

“बोलू नको. आता माझं नाव लिहिणार? गल्लीत तोंड दाखवायचंय मला.”

“काकींना नाही का?”

आईने भांडी आपटली. मग तिने फळीवरचा डबा काढून मयुरीसमोर ठेवला.

“घे मोजून. माझ्या धोतरावरच्या आहेत, सुती धोतरावरच्या. मला कसली भीती?” तिने वरच्या दोन गोऱ्यापान बिबड्या पुढे केल्या.

“अशा नाही,” मयुरी म्हणाली. तिने डोळे मिटले आणि डब्याच्या तळाशी हात घातला.

रुक्मिणीबाईंनी दारातूनच परतवलं. ताराबाईंनी दिली, वर टोमणाही दिला. “मोज बाई, आमच्या उवाही मोज.” काकींनी मोरांच्या साडीवरच्या पातेलंभर बिबड्या काढून ठेवल्या, “हवी ती घे.” भिंग तेच, चिमटा तोच, काडीही त्याच पेटीतली. मयुरीने ‘मोजून मत’वर या वेळी खाली आपलं पूर्ण नाव लिहिलं आणि वर एवढंच:

सरलाबाई, मोरांची साडी: तंतू या वेळीही तेरा. सुती एकही नाही.

ताराबाई, जुनी चादर: तंतू सोळा. सुती तीन.

जयश्रीबाई, माझी आई, सुती धोतर: तंतू एकवीस. सुती दोन.