शब्द आणि चाल : पारंपरिक

"साक्षीदार आहे का कोणी?" चिटणीसांनी विचारलं.

त्यांच्या टेबलावर पुस्तकाची प्रुफं पसरली होती. पन्नास समूहगीतं, चारही आवाजांच्या स्वरलिपीसकट. गायकवृंदांच्या महासंघाचं पहिलंवहिलं पुस्तक. बाविसावं गाणं आमचं होतं. वर ठळक अक्षरांत 'शब्द आणि चाल : पारंपरिक', आणि खाली मांडणीकार म्हणून माझं नाव. चार वाजता प्रुफं छापखान्यात जायची होती आणि सव्वातीन होऊन गेले होते.

"कशाचा साक्षीदार?"

"हे गाणं तुमच्या बहिणीनं केलं, याचा. वृंदानं बसवायच्या आधी तिच्या तोंडून ऐकलंय, असं सांगणारा एखादा माणूस. एकच पुरे. आत्ता फोन लावा, मी बोलतो त्यांच्याशी."

चिटणीस तसे वाईट नव्हते. त्यांचा राग तरी आला असता तर बरं झालं असतं.

माझी ताई इस्पितळात आया होती, चौतीस वर्षं. डॉक्टरांनी हात टेकलेले रोगी ज्या खोलीत ठेवत, तिथेच तिची एकटीची नेमणूक. अंग पुसायचं, चादर बदलायची आणि ज्याचं कोणी आलेलं नसेल त्याच्याजवळ बसायचं. बसल्या बसल्या ती गुणगुणायची. त्यातूनच ते गाणं झालं.

दार लोटून जा, कडी लावू नको,
मी इथेच बसलेय, तू घाबरू नको.

तिनं ते ज्यांच्यापाशी म्हटलं, त्यांतला एकही माणूस पुढचा आठवडा बघायला उरला नाही. आता साक्षीदार कुठून आणू? मी हे चिटणीसांना सांगितलं. ते हसले नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा. त्यांनी फाइलीतून एक पिवळा पडलेला कागद काढून माझ्यापुढे सरकवला.

"मास्तर, हे अक्षर कोणाचं?"

माझंच होतं, एकतीस वर्षांपूर्वीचं. 'पारंपरिक' हा शब्द तर मी खास वळणदार काढला होता.

त्या काळी मी दिवसा टपालखात्यात पत्रं वेगळी करायचो आणि संध्याकाळी माणसांचे आवाज. दुसऱ्याची चाल घ्यायची, ती चार आवाजांत वाटून द्यायची, कोणाची कोणाशी टक्कर होणार नाही एवढं बघायचं. मांडणीकाराचं काम ते एवढंच. स्वतःची अशी एकही चाल मला उभ्या जन्मात सुचली नाही. ताईला सुचली, तीही चादरी बदलताना. मी ती कागदावर उतरवली, महिनाभर खपून मांडली आणि आमच्या वृंदाच्या मोठ्या सरांकडे घेऊन गेलो. सरांनी दोन ओळी गुणगुणून पाहिल्या, डोळे मिटले आणि विचारलं, "कोणाचं आहे हे?"

आदल्याच आठवड्यात सरांनी एका कंपाउंडरची कविता 'आता औषधाच्या बाटल्यांवर छापा' असं म्हणून परत केली होती. त्यांच्यासमोर 'आया' म्हणायची मला लाज वाटली.

"पारंपरिक आहे, सर."

"तरीच!" सर म्हणाले.

घरी येऊन ताईला सांगितलं तेव्हा ती शेंगा सोलत बसली होती. "लिही काहीही," ती म्हणाली. "म्हणणार आहेत ना? मग झालं."

तिथेच थांबलो असतो तर निभावलं असतं. नऊ वर्षांनी त्याच मांडणीला सुवर्णपदक मिळालं आणि मंचावर मला विचारलं गेलं की हे गाणं सापडलं कुठे. समोर हजार माणसं बसलेली. मी कुठल्याशा डोंगरातल्या गावाचं आणि शेकोटीपुढे बसलेल्या ऐंशी वर्षांच्या म्हातारीचं असं काही रसभरीत वर्णन केलं, की पुढच्या रांगेतल्या बायका डोळे टिपायला लागल्या. ताई नवव्या रांगेत होती. तिनंही टाळ्या वाजवल्या. ते भाषण स्मरणिकेत छापलंय, आणि ती स्मरणिकासुद्धा आता चिटणीसांच्या हातात होती.

"एवढंच सांगा," ते हळू आवाजात म्हणाले. "तेव्हा खोटं बोललात, की आता बोलताय?"

"तेव्हा."

"बहीण आजारी आहे, मला समजतं. माझी आई गेली तेव्हा मीही नाही नाही ते करून बसलो होतो. तुम्ही लेखी द्या, मी समितीपुढे ठेवतो. पुढच्या महिन्यात बैठक आहे. दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्ती करता येईल."

"तिच्याकडे पुढचा महिना नाहीये."

त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "मग एक करू. शब्द, चाल, मांडणी, सगळंच तुमच्या नावावर टाकू. तुमच्यावर कोणी शंका घेणार नाही. घरातल्या घरात तरी राहील."

मला मोह झाला. लपवण्यात काही अर्थ नाही, चांगला झाला. माझं नाव तिन्ही ठिकाणी कसं दिसेल, तेही मी मनातल्या मनात वाचून पाहिलं. मग स्वतःचीच किळस येऊन उठलो.

"नको. म्हातारीचंच राहू दे," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

ताई त्याच इस्पितळात होती, बायकांच्या वॉर्डात, अकरा नंबरच्या खाटेवर. फुप्फुसात पाणी झालं होतं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन चार-पाच दिवस सांगितले होते, आणि त्यांतले दोन संपले होते. ताईनं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नाही. मागच्या रविवारी मात्र मी पुस्तकाचं बोललो तेव्हा छताकडे बघत म्हणाली, "त्यात माझं नाव घालता येईल का रे? बघ, जमलं तर." मी छाती ठोकून हो म्हटलं होतं.

मला बघून ती कोपरावर टेकून थोडी उठली. "झालं काम?"

झालं म्हणून सांगता आलं असतं. खोटं बोलायची मला सवय होती आणि ती काही तपासायला जाणार नव्हती. पण माझ्याच्यानं झालं नाही.

"नाही झालं, ताई. माझाच कागद आडवा आला."

"मग कोणाचं नाव घालतायत?"

"कोणाचंच नाही. पारंपरिक."

"म्हणजे तुझी ती डोंगरातली म्हातारीच भारी पडली म्हणायची." ती हसायला गेली आणि खोकल्याची उबळ आली. मी पाठ धरली. पाठीचा मणका न् मणका हाताला लागत होता.

"ताई, मी तुझं नाव बुडवलं."

"होतं कुठे बुडवायला?" ती चादरीचा काठ बोटांनी सारखा करत राहिली. "वाईट वाटलं मात्र," ती म्हणाली. "उगाच नाही कशाला म्हणू? वाटलं होतं, एकदा छापलेलं बघावं. त्या खोलीत इतकी वर्षं काढली, त्याचं काहीतरी."

मी रडलो. साठी उलटलेला माणूस स्टुलावर बसून रडतोय म्हणून समोरच्या खाटेवरच्या बाईनं तोंड फिरवलं.

संध्याकाळच्या पाळीची सिस्टर इंजेक्शन घेऊन आली. नवी होती, ताईच्या निवृत्तीनंतर लागलेली. ट्रे ठेवून तिनं उशी सारखी केली, सुई भरली आणि भरता भरता गुणगुणायला लागली. दार लोटून जा, कडी लावू नको. मी ताडकन उठलो.

"सिस्टर, हे गाणं—"

ताईनं माझं मनगट धरलं. एवढी ताकद तिच्यात उरली असेल असं मला वाटलं नव्हतं.

"कुठलं गं हे?" तिनं सिस्टरला विचारलं.

"खूप जुनं आहे, मावशी. कोणी केलंय ते कोणालाच माहीत नाही. आम्ही कॉलेजच्या वृंदात म्हणायचो. शिकवू तुम्हाला? सोपं आहे अगदी."

"शिकव."

सिस्टरनं खाटेच्या कडेला बसून पहिल्या दोन ओळी म्हणून दाखवल्या. ती ताईची चाल नव्हती. वृंदात दुसऱ्या आवाजात उभी राहिलेली मुलगी दुसऱ्या आवाजाची ओळ पाठ करते आणि पुढे तेच गाणं समजून जन्मभर म्हणत राहते. चालीला आधार म्हणून मी लिहिलेली ती ओळ होती, जवळजवळ एकाच सुरावर चालणारी.

ताईनं म्हटलं, आपल्या मूळ चालीत. 'घाबरू नको'ला आवाज वर गेला आणि फाटला.

"अंहं, तिथे वर नाही जायचं, मावशी. सरळच ठेवायचं. बघा, असं."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं सिस्टरच्या ओठांकडे बघत ती ओळ सरळ ठेवून म्हटली.

"आता कसं बरोबर आलं! अजून एकदा म्हणा, म्हणजे विसरणार नाही," सिस्टर म्हणाली आणि तिनं ताईचा दंड कापसानं पुसायला घेतला.

ताईनं पहिल्यापासून पुन्हा म्हटलं. या वेळी तिची एकही चूक झाली नाही.